नाकावर विसंबायचे नाही

रेक्याविक (आइसलँड), ११ जून

आज हेंगिल ज्वालामुखीच्या पायथ्याचे हेल्लिसहेईदी भूऔष्णिक वीजकेंद्र पाहून आलो. विदर्भातल्या कोळशाच्या केंद्रात बत्तीस वर्षे पाळ्या केलेल्या माणसाला लेकीकडे आल्यावरही वीजकेंद्रच पाहावेसे वाटावे, यावरून घरात यथेच्छ थट्टा झाली.

केंद्र ३०३ मेगावॉटचे आहे. काचेपलीकडे टर्बाइनची ओळखीची घरघर ऐकू आली. पण कोळशाचे पट्टे नाहीत, राख नाही आणि बॉयलरच नाही, हे मनाला पटायला वेळ लागला. बॉयलरचे काम येथे जमीन करते. मात्र दोन-तीन किलोमीटर खोलीवरून येणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते आणि पाणी निवू लागले की ती नळांना आतून धरते, जशी आमच्या घरच्या बंबाला खर धरत असे.

खरी जोखीम वायूची. वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो. त्यातला बराच भाग आता पाण्यात विरघळवून पुन्हा बसाल्टच्या थरांत सोडतात आणि तिथे त्याचे खनिज होते (आपला सह्याद्रीही बसाल्टचाच, हे मी उगीचच सांगून टाकले). तरीही वाफेच्या विहिरीवर जाणारा प्रत्येक कामगार गळपट्टीजवळ काडेपेटीएवढे वायुमापक अडकवतो. कुजक्या अंड्यांसारखा हा वास थोड्या प्रमाणातही जाणवतो; प्रमाण धोक्याच्या पातळीला गेले की मात्र नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, तळघरात साचून राहतो.

हे ऐकताना मला आमचे जुने फिटर आठवले. कोळशाच्या ढिगात आतून धग धरली की धूर दिसण्याआधी ते वासावरून जागा दाखवत, आणि आम्ही साहेब मंडळी मुकाट्याने तिथे पाणी मारायला लावत असू. नाक हेच ज्यांचे हत्यार, त्यांना येथे पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवायला सांगितले असते.

आम्हाला बाहेरपर्यंत सोडायला आलेल्या तंत्रज्ञाला विहिरीकडेच जायचे होते. त्याने मापकाची कळ दाबली, ते दोनदा वाजेपर्यंत थांबला आणि मग उतारावरच्या चंदेरी घुमटाकडे निघाला. मी नकळत दीर्घ श्वास घेऊन पाहिला. वास येत होता, आणि त्याने बरे वाटले.