बँकॉक ते टोकियो: जाताना सहा तास, येताना सात

बँकॉक-टोकियोचं तिकीट हातात पडलं की कुणीही आधी बुचकळ्यात पडेल. जाताना रात्री अकराला उड्डाण, सकाळी सातला टोकियोचा नारिता विमानतळ. म्हणजे आठ तास. परतताना सकाळी अकराला निघून दुपारी चारला बँकॉक, म्हणजे पाच. खरा प्रकार बरोबर उलटा आहे. टोकियोचं घड्याळ दोन तास पुढे. तेवढी वजाबाकी-बेरीज केली की जायचे सहा आणि यायचे सात तास उरतात. अंतर दोन्हीकडून तेच, साधारण ४६०० किलोमीटर. मग हा वरचा तास कशाचा?

जाताना झोप लागेना, म्हणून समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून बसलो. लाओस, व्हिएतनाम भराभर मागे पडले, खाली दक्षिण चीन समुद्र सुरू झाला. तोवर वेग ताशी नऊशेच्या आसपास. तैवानच्या पुढे आकडा चढायला लागला. ९८०, १०४०, मग ११०० च्याही वर! विमानाने काही जास्त जोर लावला नव्हता. ज्या हवेतून ते चाललं होतं ती हवाच पूर्वेकडे पळत होती. फेब्रुवारीचे दिवस, जपानवरचा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, तेव्हा ऐन भरात असतो, आणि जगातल्या सर्वांत जोरकस वाऱ्यांत त्याची गणना होते. उन्हाळ्यात तो मंदावतो, उत्तरेकडे सरकतो, आणि जाण्या-येण्याच्या वेळेतला फरकही कमी होतो.

नारिताच्या वायव्येला, आजच्या त्सुकुबा शहराच्या हद्दीत तातेनोची हवामान वेधशाळा आहे. १९२०च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी तिथून फुगे सोडून हा वारा मोजला. १९२६ साली निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगभर वाचले जावेत म्हणून. वाचले मात्र फारसे कुणी नाहीत. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली तेव्हा याच वाऱ्याने त्यांच्या बॉम्बफेकीचे नेम चुकवले.

विमानातले सहा तास म्हणजे अख्खा प्रवास नव्हे, हे नारिताला उतरल्यावर कळतं. तिथून मध्य टोकियो साठेक किलोमीटर. गाडीत आणखी तासभर. टोकियोचा दुसरा विमानतळ, हानेदा, मात्र शहराला लागूनच आहे. तिकिटात थोडाच फरक असेल तर मी डोळे झाकून हानेदा घेईन.

परतताना तोच वारा तोंडावर. स्क्रीनवर वेग सातशेच्या घरात रेंगाळत होता आणि आजूबाजूचे प्रवासी कंटाळले होते. माझी मात्र चंगळ झाली, कारण उजवीकडची खिडकी मिळाली होती आणि आकाश स्वच्छ होतं. फुजी पर्वत पंखाच्या पुढे दिसू लागला आणि निवांत मागे सरकत गेला. माथ्यावरचं विवर, त्याच्या काठावरचा बर्फ, उतारावरच्या घळी, सगळं सावकाश बघून झालं. टोकियोहून पश्चिमेकडे निघताना खिडकी उजवीकडचीच मागा.

बँकॉकहून त्याच संध्याकाळी पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे भरपूर वेळ ठेवा. विमान कंपन्या हिवाळ्यात परतीची वेळ मुळातच वाढवून धरतात, तरी वारा जास्त असला की तीही पुरत नाही.