भरल्या ट्रॉलीचं चाक रात्री बदलताना

गळीत हंगामात कराड-विटा रस्त्यावर रात्री गाडी चालवलेल्या माणसाला उसाच्या ट्रॉलीचं वर्णन करून सांगायला नको. पुढे ट्रॅक्टर, मागे एकामागे एक दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना फळक्याबाहेर आलेला ऊस. आमचा घरचा ट्रॅक्टर आहे. हंगामात मी, माझे चुलते आणि एक मदतनीस पोरगा मिळून कारखान्याची वाहतूक करतो. चुलत्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो. दोन्ही ट्रॉल्या भरल्या की वीस टनांच्या आसपास ऊस असतो. चालत्या ट्रॉलीपेक्षा रात्री रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली जास्त घातक, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. गेल्या हंगामात जानेवारीत ते स्वतः निभवायची वेळ आली. भरल्या ट्रॉलीचं चाक बदलण्यावर नीट लिहिलेलं फारसं कुठं सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कडेगावच्या अलीकडे एक उतार संपत आला होता. मी ट्रॅक्टरवर, आण्णा आणि पोरगा मोटरसायकलवर मागे. ट्रॅक्टर किंचित ओढल्यासारखा वाटला आणि तेवढ्यात पोरगा बाजूला येऊन ओरडला, “दादा, मागच्या ट्रॉलीचं मागचं डावं बसलं!”

अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो. पण आमच्या ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. पुढचा ट्रॅक्टर कचकन थांबवला तर मागचं वीस टन वजन त्याला ढकलतं, ट्रॉली जोडणारी दांडी तिरकी होते आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. म्हणून आधी थ्रॉटल कमी केला, गिअर आहे तोच ठेवला, क्लच दाबला नाही. इंजिननंच वेग कमी केला आणि अगदी शेवटी ब्रेक लावला. ट्रॅक्टरला डावं-उजवं असे ब्रेकचे दोन पेडल असतात, शेतात वळताना एकाच बाजूचं चाक धरता यावं म्हणून. रस्त्यावर यायच्या आधी त्या दोघांना जोडणारी पट्टी लावलेलीच पाहिजे. उतारावर भरल्या ट्रॉल्या मागे असताना पाय एकाच पेडलवर पडला तर काय होईल, याचा विचार ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं एकदा तरी शांतपणे करावा.

वेग कमी झाला तरी तिथे थांबलो नाही. पाठीमागे वळण होतं आणि डावीकडची साईडपट्टी काळ्या मातीची. वरून मुरूम दिसतो, जॅकखाली वजन आलं की माती दबते. आण्णांनी हात हलवून पुढे खूण केली. माणूस चालेल इतक्या सावकाश, बसलेल्या चाकावरच ट्रॉली पुढे नेली आणि एका बंद ढाब्यासमोरच्या कडक, सपाट मुरमावर उभी केली. टायर चुरगळत होता, रबराचा वास सुटला होता. पण टायर दुसरा आणता येतो. वळणावर, मऊ साईडपट्टीवर, डावीकडे झुकलेली भरली ट्रॉली उचलायचा प्रसंग मला कोणत्याही किमतीत नको होता.

तरीही सगळी गाडी रस्त्याबाहेर गेली नाही. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबीच एवढी की मागच्या ट्रॉलीचा उजवा कोपरा डांबराच्या कडेला राहिला.

ताशी साठ किलोमीटरनं येणारी मोटरसायकल सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तिचा लो बीम जेमतेम तीस-चाळीस मीटरपर्यंत नीट दाखवतो. म्हणजे उसाचा काळपट ढीग दिसल्यापासून धडक बसेपर्यंत त्या माणसाच्या हातात दोन सेकंद. त्यातलं एक सेकंद-दीड सेकंद ‘हे काय आहे’ हे कळण्यातच जातं. या भागात हंगामात असे अपघात होतात, मागून येऊन धडकलेले. म्हणून चाकाकडे बघायच्या आधी मागचा रस्ता बघायचा.

ट्रॅक्टरचे पार्किंग लाइट आणि चारही इंडिकेटर चालू ठेवले. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायर आम्ही हंगाम सुरू होण्याआधीच नवी ओढली होती, तो दिवा लागत होता. मागच्या फळक्यावर लाल रिफ्लेक्टरची पट्टी आहे, तिच्यावर चिखल बसला होता. आण्णांनी ती टॉवेलनं पुसली. मग रिफ्लेक्टरचा त्रिकोण घेऊन मी मागे निघालो. रस्त्याच्या अगदी कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून आणि त्रिकोण छातीसमोर धरून, म्हणजे मी स्वतःही लोकांना दिसावा. वळण जवळ होतं. वळणानंतर ठेवलेला त्रिकोण दिसेपर्यंत उशीर होतो, म्हणून तो वळणाच्या अलीकडे ठेवला. येणाऱ्याला आधी त्रिकोण, मग वळण, मग ट्रॉली. पोरग्याला तिथेच बॅटरी देऊन उभं केलं, पण रस्त्यावर नाही. चरीच्या पलीकडे, बांधावर. त्याला बजावलं, “गाडी अंगावर येतीय असं वाटलं तर बॅटरी टाकून शेतात पळ. आमची काळजी करू नको.”

त्यानं आधी चार दगड उचलून आणले होते. ट्रॉलीमागे रस्त्यावर दगडांची रांग लावायची आणि डहाळी टाकायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. आण्णांनी ते खाली ठेवू दिले नाहीत. “दगड नको रे. आपण निघून जातो, दगड तिथंच राहतो.” काम झाल्यावर घाईत निघून गेलेल्या गाड्यांचे असे दगड मी पहाटे रस्त्याच्या मधोमध पडलेले बघितले आहेत. दुचाकीवाल्याला ते ट्रॉलीइतकेच घातक.

आता गाडी जागची हलता कामा नये. ट्रॅक्टर लो गिअरमध्ये, पार्किंग ब्रेक ओढलेला, इंजिन बंद. चाकाला अडवायच्या उट्या आम्ही बाभळीच्या करून घेतल्या आहेत, तिरक्या कापलेल्या. गोल दगड भरल्या चाकाखाली गडगडतो, ही उटी धरून बसते. दोन्ही ट्रॉल्यांच्या जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून आणि मागून उट्या ठोकल्या. दांडीची पिन काढली नाही. रस्ता लवकर मोकळा व्हावा म्हणून काही जण मागची ट्रॉली तिथेच सोडून पुढची घेऊन जातात. पण भरल्या ट्रॉलीला जागेवर धरून ठेवणारं पुढे काहीतरी जोडलेलं असलं पाहिजे. आणखी एक गोष्ट आण्णांनी वाकून तपासली, दांडी सरळ आहे का. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा एक्सल टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, वळतो. तो वळलेल्या अवस्थेत असला तर ट्रॉलीचा पाया अरुंद होतो आणि मागचं एक चाक उचललं की ती कलंडू शकते. आमची सरळ होती. नसती तर आधी ट्रॅक्टर पुढे घेऊन ती सरळ केली असती.

मग ऊस. डाव्या बाजूला चाक बसल्यामुळे ट्रॉली डावीकडे झुकली होती आणि वरच्या मोळ्या त्याच बाजूला सरकून आल्या होत्या. आण्णा म्हणाले, “वरचं उतरव. मगच जॅक.” कारखान्यावर नंबर लावायचा होता, तोडलेला ऊस जितका वाळेल तितकं वजन घटतं, आणि रात्रीच्या थंडीत मोळ्या उतरवून परत भरायच्या म्हणजे कंबरडं मोडणारं काम. तरी उतरवल्या. मागून दुसऱ्या गावचा एक ट्रॅक्टर आला, त्यावरच्या दोघांनी न सांगता हात लावला. मोळ्या शेताच्या बाजूला टाकल्या, रस्त्याकडे एकही नाही. ट्रॉली बऱ्यापैकी सरळ झाली तेव्हाच जॅक बाहेर काढला.

चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, फक्त एक-एक फेरा. चाक उचलल्यावर पान्यावर जोर लावला तर सगळी ट्रॉली जॅकवर हलते. काही जुन्या एक्सलना डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तेही आधी बघून घ्यावं. चुकीच्या दिशेनं पाइप लावून जोर केला की बोल्टच तुटतो.

पुढची अडचण नेहमीची. हवा गेल्यानं एक्सल इतका खाली आला होता की बॉटल जॅक त्याखाली जाईना. त्यासाठी आण्णांची जुनी युक्ती आहे: बसलेल्या चाकापुढे जाड फळी ठेवायची, उट्या काढून ट्रॅक्टर वीतभर पुढे घ्यायचा, चाक फळीवर चढवायचं आणि उट्या पुन्हा ठोकायच्या. फळीच्या जाडीएवढा एक्सल वर येतो. जॅक आमचा २० टनी आहे. दहा टन ऊस आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरलं तर एका चाकावर तीन टन तरी येतं. त्याला पिकअपचा लहान जॅक लावणं म्हणजे जीवाशी खेळ. जॅकखाली दुसरी रुंद फळी टाकली आणि तो एक्सलला पाट्याच्या (स्प्रिंगच्या) यू-बोल्टजवळ लावला. चॅसीला लावला असता तर आधी पाटे सुटेपर्यंत उचलावं लागलं असतं, तेवढी उंची वाढली असती आणि तेवढीच ट्रॉली डुलली असती.

उचलताना जॅकशेजारी एक्सलखाली लाकडी ठोकळे रचत गेलो. चार दांडे मारायचे, एक ठोकळा सरकवायचा. ठोकळा हातानं नाही, पहारीच्या टोकानं ढकलायचा. जॅकचं सील कधी फुटेल हे वरून दिसत नाही. ते फुटलं तर वजन ठोकळ्यांवर यावं, माणसावर नाही. चाक निघाल्यावर ते आडवं करून चॅसीखाली सरकवून ठेवलं, तो दुसरा आधार. या सगळ्यात कुणाचंही डोकं किंवा पाय ट्रॉलीखाली गेला नाही. आण्णा फक्त तेवढंच बघत उभे होते.

हवा भरलेली स्टेपनी बसलेल्या चाकापेक्षा बरीच उंच असते. जागा कमी पडली तेव्हा ट्रॉली आणखी न उचलता चाकाखालची फळी काढून खोऱ्यानं मुरूम खरवडला. चाक उचलून बसवायच्या भानगडीत पडलो नाही. पहार खाली घालून तरफेनं बोल्टांच्या रेषेत आणलं. नटांची निमुळती बाजू डिस्ककडे, आणि आवळताना समोरासमोरचे नट. ओळीनं आवळले तर डिस्क एका बाजूला तिरकी बसते आणि काही किलोमीटरवर नट सैल होतात. चाक जमिनीवर टेकवल्यावर पाइप लावून पुन्हा त्याच क्रमानं आवळलं.

मोळ्या परत भरल्या, दोर ताणले. उट्या, फळ्या, ठोकळे मोजून घेतले. पोरगा त्रिकोण घेऊन सगळ्यात शेवटी आला. पुढे थोड्या अंतरावर पेट्रोल पंपाच्या आवारात थांबून नट पुन्हा तपासले, दोन नट पाव फेरा फिरले. कारखान्याच्या यार्डात पुन्हा बघितले, तेव्हा एकही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी चाक पंक्चरवाल्याकडे नेलं. या चाकांच्या डिस्कला लॉक रिंग, म्हणजे टायर धरून ठेवणारी लोखंडी कडी, असते, आणि हवा भरताना ती उडाली तर माणूस जागीच जातो. हे दुकान मी त्यासाठीच धरून आहे. त्या माणसानं आधी व्हॉल्वची सुई काढून उरलीसुरली हवा पूर्ण जाऊ दिली, मगच रिंगेला हात लावला. हवा भरताना चाक रिंग खाली करून पालथं टाकलं, डिस्कच्या भोकांतून पहार आरपार घातली आणि स्वतः लांब उभा राहिला. ट्यूबला खिळा वगैरे काही लागला नव्हता. आतला फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि डिस्कमधली रबरी पट्टी, फाटला होता आणि डिस्कच्या गंजानं ट्यूब कापली होती. टायरच्या कडेचे धागेही कमी हवेवर चालल्यासारखे दुमडलेले होते.

त्याच दुपारी दोन्ही ट्रॉल्यांच्या उरलेल्या चाकांची हवा गेजनं मोजली. पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या उजव्या चाकात निम्मीच निघाली. ते उजवं, म्हणजे रस्त्याच्या बाजूचं. ते काढून घेतलं, त्याचाही फ्लॅप बदलला, डिस्क घासून रंग मारला आणि मगच पुढची खेप भरली.