तुम्ही विचारलंत म्हणून: कोंब आणि कोम

पालकसभेत, लग्नात, अगदी एसटीतही हाच प्रश्न, बाई तुम्ही इंग्रजी शब्द चित्रं न् गोष्टी जोडून लक्षात ठेवायला लावता, ही पोपटपंचीच नाही का? एकदाच सविस्तर सांगते.

नाही. पोपटपंची म्हणजे 'कॅट म्हणजे मांजर' वीस वेळा ओरडणं. मी पिलो शिकवताना फळ्यावर उशी काढते आणि उशीवर झोपलेलं कोंबडीचं पिलू. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने नुसतं विचारते, फळा कोरा. आठवायची धडपड मुलानेच करायची, शब्द पक्का होतो तो त्यातच.

1975 मध्ये ॲटकिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने याच पद्धतीने रशियन शब्द शिकवले होते, 120 शब्दांपैकी 72 टक्के आठवले, ही पद्धत न वापरलेल्या गटाला 46. हे आकडे मी सगळ्यांना ऐकवायचे. पण ते विद्यार्थी कॉलेजातले होते, माझी मुलं सात वर्षांची, त्यांना चित्र आपणच द्यावं लागतं आणि आपण दिलेलं तेच ती धरून बसतात, हे मी तेव्हा बोलायचे नाही.

दुसरीत एक मुलगी होती. कोम म्हणजे कंगवा, स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर बी मुकाट, उच्चारात येत नाही. तो बी विसरू नये म्हणून मी डोक्यावर कोंब फुटलेत आणि कंगवा फिरतोय असं चित्र काढलं. वर्ग खूश, मीही. आठवड्याने साहेब आले, त्यांनी कंगवा दाखवून विचारलं, व्हॉट इज धिस? ती ताडकन उठली, "धिस इज अ कोंब." साहेब हसले, सोबतचे हसले, मग वर्गही हसला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. चूक माझी आहे हे तिथेच बोलायला हवं होतं मी, नाही बोलले. नंतर वर्षभर इंग्रजीच्या तासाला तिने हात वर केला नाही.

तेव्हाची मी म्हणेन, अगं, चाचणीत तिचं स्पेलिंग बरोबर होतं की, सी ओ एम बी, निम्म्या वर्गाने बी गाळला होता! खरंय ते. तरी मला ती बघणारी पोर आठवते.

आता नवा शब्द आधी आठवडाभर नुसता कानावर घालते, बोलून घेते, चित्र नंतर. पिलू अजून काढते. कोंब नाही काढत. आणि बी गाळणारी मुलं परत वाढलीत, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.