मुलांजेच्या पायथ्याशी दहा दिवस

मी मिरजेची. आमच्याकडे नुसतं 'मिशन' म्हटलं तरी कळतं, वॉनलेस हॉस्पिटल. आईचा जन्म तिथला, माझाही तिथलाच. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस 1889 साली भारतात आले, 1894 ला मिरजेत हॉस्पिटल उभं केलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं इथे राहिले. त्यामुळे गेल्या जुलैत डोळ्यांच्या कॅम्पसाठी आफ्रिकेतल्या मलावीला जायचं ठरलं आणि ग्रुपमधले सगळे त्याला 'मिशन ट्रिप' म्हणायला लागले तेव्हा तो शब्द माझ्या तोंडात काही बसेना. आपण जाणार दहा दिवस. येऊन आता वर्ष होत आलं तरी ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलेय.

मी ओटी सिस्टर आहे, बावीस वर्षं डोळ्यांच्या ऑपरेशनची ट्रॉली लावतेय. टीम सात जणांची. पिवळ्या तापाची लस घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टला लावलं, मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून ब्लँटायर. (स्कॉटलंडमधल्या ज्या गावात आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन जन्मले त्या गावाचंच नाव या शहराला दिलंय.) पुढे थ्योलोवरून गाडीने, दोन्ही बाजूंना चहाचे मळे, आणि मग एकदम समोर मुलांजेचा डोंगर. 3,002 मीटर, सपाटीतून सरळ भिंतीसारखा वर गेलेला. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून मी सगळे सुती कपडे नेले होते आणि तिथे जुलैत कडक थंडी, वर धुकं आणि बारीक भुरभुर पाऊस. त्या पावसाला ते 'चिपेरोनी' म्हणतात. मला सारखी आंबोली आठवत होती.

पहिल्या दिवशी ओपीडीच्या व्हरांड्यात एवढी माणसं होती की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कोणाचा आवाज नाही. एक आजी आल्या, तिकडे आजी-आजोबा दोघांनाही 'आगोगो' म्हणतात, त्यांच्या हातात काठीचं एक टोक आणि दुसरं टोक सात-आठ वर्षांच्या नातीच्या हातात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरेफटक झालेले, उजेड तेवढा कळत होता. ती पोरगी शाळेत जात नव्हती, कारण आजीला शेतावर, नळावर, सगळीकडे न्यायचं काम तिचं होतं. आपण म्हणतो एक माणूस आंधळं झालं, खरं तर त्या घरातली दोन माणसं अडकलेली होती.

तिकडे मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेणारं फेको मशीन वगैरे नाही, सगळं हाताने, छोट्या छेदातून बिनटाक्याचं ऑपरेशन, त्याला एसआयसीएस म्हणतात. आम्ही मदुराईच्या ऑरोलॅबच्या लेन्स बॉक्स भरून नेल्या होत्या आणि बघते तर त्यांच्या कपाटात त्याच लेन्स आधीपासून होत्या. कमी होतं ते दुसरंच. धार असलेली ब्लेड कमी, ऑपरेशनचे सेट दोनच, आणि पेशंट गावातून आणायला गाडीत डिझेल नाही. हे आम्ही निघायच्या आधी कोणी विचारलं का नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिथले क्लिनिकल ऑफिसर होते, म्हणजे डॉक्टर नव्हेत पण डोळ्यांचं ट्रेनिंग घेतलेले, मी त्यांना दादाच म्हणायला लागले. पेशंटला खाली बघायला सांगायचं तर 'यांगानानी पान्सी', हे त्यांनीच शिकवलं. मलावीत डोळ्यांचे सर्जन फार थोडे, जिल्ह्यांतलं रोजचं काम हीच माणसं ओढतात. 2022 मध्ये डब्ल्यूएचओने मलावी खुपरीमुक्त (पापण्यांना आतून होणारा, नजर घालवणारा ट्रॅकोमा) झाल्याचं मान्य केलं, आफ्रिकेच्या दक्षिण भागातला तो पहिला देश. ते असं वर्षानुवर्षं गावोगाव पापण्या उलटून तपासणाऱ्या माणसांमुळे झालं, दहा दिवसांच्या कॅम्पने होत नाही ते.

दुपारी जेवण न्सिमा. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपल्या उकडीपेक्षा घट्ट, हातात मळून पालेभाजीला लावून खायचा. आधी एकजण तांब्याने सगळ्यांच्या हातावर पाणी घालतो. मला तर पहिल्याच घासाला माहेरी आल्यासारखं झालं.

आगोगोंची पट्टी सकाळी मीच सोडली. डोळा पुसला, त्या दोन-तीनदा मिचकावल्या, आणि आधी स्वतःच्या हाताकडेच बघत राहिल्या, उलटा करून, सुलटा करून, बोटं मिटून उघडून. मग नातीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि किती वेळ नुसतं बघत होत्या, पोरगीच लाजली. नंतर दोन्ही हातांची ओंजळ करून हळू टाळ्या वाजवल्या, तिकडे आभार असे मानतात. झिकोमो, झिकोमो. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

पण शेवटून दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करताना एका बाबांच्या डोळ्यात लेन्समागचा पातळ पडदा फाटला. असं होऊ शकतं, मिरजेतही होतं. पण इथे मी त्या पेशंटला आठव्या दिवशी बघते, महिन्याने बघते. तिथे आम्ही तिसऱ्या दिवशी विमानात. बाबांना समजावलं तर तेच मला म्हणाले, 'पेपानी'. म्हणजे सॉरी, पण चूक झाली म्हणून नाही, समोरच्याला त्रास होतोय हे दिसलं की म्हणायचं ते. त्यांचे थेंब, त्यांची तपासणी, सगळं दादांच्या अंगावर टाकून आम्ही निघालो. रात्री धुवून पुसून मी माझे दोन्ही सेट त्यांच्या ऑटोक्लेव्हशेजारी, हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनजवळ, ठेवले.

दीड महिन्याने दादांचा व्हॉट्सॲप आला, बाबांना 6/24 दिसतंय (चांगल्या डोळ्याला 24 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून), सूज उतरली, ते बघायला दादा दोनदा सायकलवर बाबांच्या गावी जाऊन आले होते. खाली एवढंच, सिस्टर, ब्लेड संपत आली. पुढच्या जुलैची टीम ठरतेय, माझं तिकीट मी नको म्हटलंय, त्या पैशात ब्लेड आणि वर्षभराचं डिझेल किती बसतं याचा हिशोब दादांनी पाठवलाय, तो उद्याच्या मीटिंगला घेऊन चाललेय.