झोप लागता लागता शरीराबाहेर

डोळा लागतोय न लागतोय तोच अंग हलकं होतं, कानात घूंऽऽ आवाज येतो आणि आपण छताजवळून स्वतःलाच पलंगावर झोपलेलं बघतोय असं वाटतं, मला हे कॉलेजपासून होतंय आणि आधी जाम भीती वाटायची. आजी म्हणायची रामरक्षा म्हण, अजूनही म्हणते मी, बरं वाटतं.

पण २००२ मध्ये जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लँके आणि त्यांच्या टीमने एपिलेप्सीच्या एका पेशंटच्या मेंदूत, उजव्या कानाच्या वर-मागे येतो त्या भागात, हलका करंट दिला तर तिलाही आपण वरून स्वतःला बघतोय असं वाटलं! स्पर्श आणि तोलाचा मेळ तिथे बसतो, तो बिघडला की असं होतं हे त्यांचं म्हणणं. हे वाचून मला केवढा धीर आला! पाठीवर झोपलं, जागरण झालं की माझं जास्त होतं, तुमचं?