बिलात न आलेली मजुरी

हॉटेलात वेटरला किती पैसे ठेवायचे, याचा अंदाज पुण्यातल्या बहुतेक घरांत ठरून गेलेला असतो. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, कचरा नेणाऱ्या ताई यांना दिवाळीला काय द्यायचे, हेही वर्षानुवर्षांच्या रिवाजाने ठरलेले आहे. सायकलच्या दुकानातल्या कारागिराच्या बाबतीत मात्र आपल्याकडे असा कोणताच रिवाज नाही, आणि म्हणून काम मनासारखे झाले की ग्राहक क्षणभर घुटमळतो, खिशाकडे हात नेतो, गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे एकदा पाहतो आणि शेवटी ‘थँक्यू दादा’ एवढे म्हणून पायडल मारतो. अलीकडे गीअरची सायकल घेतलेले मित्र मला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून माझे मत एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

बक्षिसी कोणाला द्यायची, हे आधी स्पष्ट असावे. चौकात झाडाखाली हवेचा पंप आणि पाण्याची घमेली घेऊन बसणारा पंक्चरवाला स्वतःच मालक असतो आणि त्याचा भाव तोच सांगतो. त्याला वेगळी बक्षिसी देण्यापेक्षा त्याने सांगितलेले पैसे घासाघीस न करता देणे आणि वरचे सुटे परत न मागणे एवढे पुरे. पेठेतल्या जुन्या दुकानात मालक काका स्वतः बसून चाकाचा आऊट काढत, म्हणजे डगमगणारे चाक सरळ करत असतील, तर त्यांच्या हातावर शंभराची नोट ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. ते व्यावसायिक आहेत आणि कामाची किंमत ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच आहे. प्रश्न उरतो तो पगारी माणसाचा, म्हणजे जुन्या दुकानात काकांच्या हाताखाली तयार होणाऱ्या मुलाचा आणि नव्या शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड पाहून काम करणाऱ्या मेकॅनिकचा. बिलातली मजुरी जाते दुकानाकडे. या माणसाच्या हाती महिन्याचा पगार येतो, आणि त्याने आपल्या सायकलीवर अर्धा तास घालवला काय किंवा दोन तास घालवले काय, त्या पगारात फरक पडत नाही.

मात्र बक्षिसीच्या आधी मजुरी येते, आणि तिथे आपल्या लोकांचे वागणे विचित्र आहे. परदेशी टायरवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने मोजतो, पण तो टायर चढवून, ब्रेक जुळवून, चाक सरळ करून देण्याचे दीडशे रुपये सांगितले की ‘एवढे कशाचे?’ असे विचारतो. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे असत. चाक डगमगू लागले की कोणता आरा किती पीळ मागतो आहे हे ओळखून पाव-पाव फेरा चावी फिरवत जावे लागते, एक घट्ट केला की समोरच्या बाजूचा थोडा सैल करावा लागतो, आणि चाक ब्रेकच्या दोन रबरांमधून न घासता फिरेपर्यंत हे चालते. हे काम शिकायला बराच काळ जातो. त्याच्या मजुरीतून पन्नास रुपये कमी करून घ्यायचे आणि निघताना त्याच मुलाला मोठ्या मनाने वीस रुपये द्यायचे, हा औदार्याचा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे आणि तो मला आवडलेला नाही. ज्याला मजुरी जास्त वाटते त्याने बक्षिसीच्या भानगडीत पडू नये.

हॉटेलातला दहा टक्क्यांचा हिशेबही इथे चालत नाही. समजा, बिल ३,२०० रुपयांचे झाले आणि त्यातले २,७०० रुपये चेन आणि कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांच्या संचाचे आहेत, तर त्या महाग सुट्या भागांच्या किमतीशी कारागिराच्या कष्टाचा काही संबंध नसतो. उलट कधी कधी ऐंशी रुपयांच्या बिलामागे तासभराची झटापट असते. म्हणून मी बिलाचा आकडा पाहतच नाही. बिलात जे आलेले नाही असे काय काम झाले, एवढे पाहतो.

असे काम दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार सल्ल्याचा. आजोबांच्या वेळची सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची हौस सध्या अनेकांना आहे, आणि त्या सायकलीला २८ इंची टायर हवा म्हणून लोक दुकानात येतात. अडचण अशी की जुन्या काळ्या सायकलीची २८ इंची रिम ६३५ मिलिमीटरची असते आणि आजच्या हायब्रीड सायकलींच्या ज्या टायरवर २८ इंच असे छापलेले असते, तो ६२२ मिलिमीटरच्या रिमसाठी असतो. तेरा मिलिमीटरचा हा फरक हाताने ओढून-ताणून भरून निघत नाही. जाणता कारागीर रिम पाहतो, जुन्या टायरच्या बाजूवरचे आकडे पुसून वाचतो आणि म्हणतो, ‘‘हा नका घेऊ, बसणार नाही, तुमचा टायर जुन्या बाजारात मिळेल.’’ त्या क्षणी दुकानाची विक्री बुडालेली असते, बिल झालेले नसते, आणि ग्राहकाचे हजारभर रुपये व एक हेलपाटा वाचलेला असतो. कॅसेट अजून वर्षभर चालेल, आत्ता फक्त चेन बदला, असे सांगणाराही याच जातीचा. चेन किती ताणली आहे हे मोजायची छोटी पट्टी त्याच्याकडे असते आणि ती लावून तो आपल्याला दाखवतोही.

अशा सल्ल्याबद्दल रोख पैसे द्यावेत असे मला वाटत नाही. सल्ल्याला दर लागला की पुढच्या वेळी तो सल्ला मोकळा राहत नाही. त्याऐवजी मी दोन गोष्टी करतो. पुढची खरेदी, मग ती ट्यूब असो की बाटलीचा स्टँड, त्याच दुकानातून करतो, इंटरनेटवर चाळीस रुपये स्वस्त मिळत असली तरी. आणि मालकाला त्या मुलासमोरच सांगतो की याने मला चुकीचा टायर घेऊ दिला नाही म्हणून मी परत आलो. मालकाला बुडालेली विक्री दिसत असते, टिकलेले गिऱ्हाईक दिसत नसते. ते कोणी तरी सांगावे लागते. याच्या उलट वागणारे लोकही आहेत. ते दुकानात तासभर घालवून माप, मॉडेल, गीअरची जुळणी सगळे समजून घेतात, वस्तू ऑनलाइन मागवतात आणि ‘८५ टक्के जोडलेली’ सायकल खोक्यासह त्याच दुकानात आणून उरलेले पंधरा टक्के करून मागतात. त्यांनी मुलाला पन्नास रुपये दिले तरी दुकानाचे व्हायचे ते नुकसान झालेलेच असते, आणि दुकान चालले नाही तर त्या मुलाची नोकरीही राहत नाही.

दुसरा प्रकार जास्तीच्या कष्टाचा, आणि तिथे रोख बक्षिसी अगदी योग्य आहे. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात, सुरुवात पहाटे असते, आणि आदल्या संध्याकाळी सायकल गाडीत चढवताना मागच्या डेरेलियरला, म्हणजे गीअर बदलताना चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला, धक्का बसतो. डेरेलियर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला की गीअर आपोआप उड्या मारू लागतात, आणि सर्वांत मोठ्या चक्रीवर गेल्यावर डेरेलियर थेट आऱ्यांत अडकण्याची भीती असते. हँगर प्रत्येक सायकलीचा वेगळा. तो दुकानात असेलच असे नाही. माझ्या ओळखीच्या एका दुकानात शटर अर्धे खाली आलेले असताना तिथल्या मेकॅनिकने माझा हँगर मापकाच्या दांड्याने चाकाशी ताडून, तुटू नये म्हणून हळूहळू वाकवत सरळ केला, केबलचा ताण पुन्हा जुळवला आणि बाहेर रस्त्यावर दोन चकरा मारून गीअर तपासले. ‘‘याचं काय घ्यायचं, साहेब? राहू द्या,’’ असे तो म्हणाला. मालक तोवर गल्ला बंद करून उठले होते. मी मालकांना दुकानाची नेहमीची मजुरी घ्यायला लावली आणि मेकॅनिकच्या हातात, मालकांच्या देखत, दोनशे रुपये वेगळे दिले. पहिली रक्कम कामाची होती आणि दुसरी त्याच्या हुकलेल्या बसची.

मालकांच्या देखत देण्याला माझ्या मते महत्त्व आहे. कोपऱ्यात बोलावून, मुठीत नोट दाबून दिलेल्या पैशाने उगीचच त्या मुलाबद्दल शंका निर्माण होते, की याने दुकानाचे काम बाहेरच्या बाहेर केले की काय. काही दुकानांत वरचे पैसे सगळ्यांत वाटून घेण्याची पद्धत असते, तर काही मालकांना हा प्रकारच मान्य नसतो. ‘काका, याला चहाला देतोय,’ एवढे मोकळेपणाने म्हटले की तिघांनाही अवघडल्यासारखे होत नाही. पैसे कामानंतरच द्यावेत, आधी नाही. शनिवारी संध्याकाळी वर्कशॉपमध्ये सायकलींची रांग लागलेली असताना ‘तेवढं माझं आधी बघ’ म्हणून दिलेले शंभर रुपये बक्षिसीत मोडत नाहीत. ती रांगेतल्या इतरांशी केलेली लबाडी आहे आणि त्यात त्या मुलालाही आपण ओढतो.

फोनवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून एक अडचण नव्याने उभी राहिली आहे. पूर्वी १७० रुपये झाले की दोनशे देऊन ‘राहू दे वरचे’ म्हणता येत असे आणि बहुतेक वेळा तीच बक्षिसी असे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि काही वर्षांत ही सुट्या पैशांची बक्षिसी जवळजवळ नाहीशी झाली, कारण आता १७० म्हणजे १७० च जातात. वर रक्कम वाढवून पाठवली तरी काउंटरवरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो आणि ते यंत्र साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा जाहीर करते. मुलगा आत चाकाशी बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणून सायकलच्या छोट्या पिशवीत, ट्यूब आणि टायर लिव्हरच्या बरोबर, पन्नास-शंभरच्या दोन-तीन नोटा मी ठेवतो. घाटात पंक्चर झाल्यावरही त्या उपयोगी पडतात, तो भाग वेगळा.

अमेरिकेत राहणारा माझा एक मित्र सांगतो की तिकडे सायकलच्या मेकॅनिकला बिअरचे सहा कॅन नेऊन देण्याची जुनी पद्धत आहे आणि ती चेष्टेत नव्हे, मनापासून पाळली जाते. तिथल्या हॉटेलातली टीप हा पगाराचाच भाग असतो, कारण संघराज्याच्या कायद्याने टीप मिळणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचे किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे, जरी बऱ्याच राज्यांनी आपापल्या कायद्याने ते वाढवलेले असले. सायकलच्या दुकानातला मेकॅनिक सहसा या गणितात बसत नाही, म्हणून तिथे पैशांऐवजी भेटवस्तूची रीत पडली असावी, असे मला वाटते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून ग्राहकाने दिलेली टीप मालकाने स्वतःकडे न ठेवता पूर्णपणे कर्मचाऱ्यांना द्यावी असा कायदा लागू झाला आहे; आपल्या क्यूआर कोडच्या अडचणीचे उत्तर काहीसे त्या दिशेचे आहे. जपानमध्ये टीप दिली तर माणूस मागे धावत येऊन पैसे परत करतो म्हणतात. आपण या तिन्हींच्या मधे कुठे तरी आहोत.

बिअरचा रिवाज पुण्यात आणावा असे मी सुचवणार नाही, पण खाण्याचा आणावा. दुपारी चारच्या सुमारास वर्कशॉपमध्ये गरम वडापाव घेऊन गेलो की त्याचे जेवढे स्वागत होते तेवढे नोटेचे होत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात: खाणे दुकानातल्या सगळ्यांना पुरेल एवढे असावे, आणि ते कागदात धरून खाता येईल असे असावे, कारण त्या मुलांचे हात ग्रीसने काळे असतात आणि दर घासासाठी हात धुवायला कोणी उठत नाही. केकचा पुठ्ठ्याचा डबा नेला तर तो संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. खंडेनवमीला बऱ्याच दुकानांत पाने, चाव्या, पंप, स्टँड स्वच्छ करून मांडतात आणि त्यांची पूजा करतात. त्या सुमारास पेढे घेऊन जाणे आणि दिवाळीला वॉचमनबरोबर या मुलाचीही पोस्त बाजूला काढणे मला सर्वांत नैसर्गिक वाटते. वर्षभरात त्याने न लिहिलेली जी छोटी कामे केलेली असतात, ढिला नट आवळला, ब्रेकचे रबर सरकवले, चेनला दोन थेंब तेल सोडले, त्यांचा हिशेब एकदम चुकता होतो.

शोरूममधल्या विक्रेत्याला मी पैसे देत नाही. महाग सायकल विकली की त्याला दुकानाकडून काही मिळत असण्याची शक्यता असते, आणि त्याचा सल्ला किती निरपेक्ष आहे हे आपल्याला कळत नाही. त्याने आपल्या उंचीला साजेशी लहान फ्रेमची, स्वस्त सायकल सुचवली असेल, तर इंटरनेटवर दुकानाबद्दल लिहिताना त्याचे नाव घालून लिहावे. मेकॅनिकचेही असेच नाव घालावे. एका मालकांनी माझ्याकडे तक्रार केली की अशा कौतुकामुळे दुसरे दुकानदार आमची पोरे पळवतात. पळवू देत. चांगल्या कारागिराला दोन दुकानांतून मागणी आली तर पगार वाढवण्याचा विचार मालकांनी करावा, ग्राहकाने गप्प राहण्याचा नव्हे.

आणि पैसे, पेढे, वडापाव यांतले काहीही न देता करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल मी जवळपास प्रत्येक मेकॅनिककडून ऐकले आहे. पावसाळ्यात पानशेतच्या रस्त्यावरून आलेली, चिखलाने लडबडलेली सायकल तशीच सर्व्हिसिंगला नेऊन टाकू नये. घरी एक बादली पाणी, जुना टूथब्रश आणि थोडे रॉकेल किंवा डिग्रीझर घेऊन चेन, चक्र्या आणि ब्रेक साफ करावेत. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नये, कारण आतले ग्रीस निघून जाते आणि छर्रे गंजतात. धुतलेली सायकल स्टँडवर चढवली की कुठे चीर गेली आहे, कोणती केबल उसवली आहे, हे मेकॅनिकला लगेच दिसते, आणि त्याचा पहिला अर्धा तास आपला चिखल खरवडण्यात जात नाही.