क्रन आणि बातोग्नित्सा: सोचा आघाडीवरच्या जुन्या खेचरवाटेने (आणि ती वाट का सोडावी लागली)

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही तिघं, मी, धाकटा भाऊ आणि कॉलेजपासूनचा एक मित्र, स्लोव्हेनियाच्या पश्चिम टोकाला सोचा नदीच्या खोऱ्यात पाच दिवस होतो. त्यातला एक अख्खा दिवस क्रन (2244 मीटर) आणि त्याच्या शेजारच्या बातोग्नित्सा (2164 मीटर) या दोन डोंगरांवर घालवला. जायच्या आधी मराठीत काहीच सापडलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर वर नुसते दगड दिसतात. मे 1915 मध्ये इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध पहिल्या महायुद्धात उतरला आणि या नदीच्या काठाने, डोंगरांच्या माथ्यांवरून आघाडी उभी राहिली. ऑक्टोबर 1917 पर्यंत, म्हणजे 29 महिने, इथे एकूण बारा लढाया झाल्या. क्रनचा माथा इटलीच्या आल्पिनी (डोंगरी पायदळाच्या) सैनिकांनी 16 जून 1915 ला घेतला, पण त्याच्याच बाजूच्या बातोग्नित्सावर दोन्ही सैन्यं एकाच सपाट माथ्याची दोन टोकं धरून बसली. दोन हजार मीटरच्या वर, उन्हाळ्यात पाण्याविना, हिवाळ्यात बर्फात, डोंगराच्या पोटात बोगदे खणून एकमेकांच्या खाली सुरुंग लावत. आज त्या माथ्याचा जो आकार दिसतो तो बराचसा माणसाने फोडून केलेला आहे.

मुक्काम कोबारिद गावात केला. ल्युब्लियानाहून सरळ आलात तर गाडीने साधारण दोन तास, हायवेसाठी ई-विन्येता (टोलचा डिजिटल पास) आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. आम्ही मुद्दाम लांबच्या रस्त्याने व्हर्शिच खिंडीतून (1611 मीटर) आलो, कारण तो रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला आहे, मार्च 1916 मध्ये हिमस्खलनात त्यातले कितीतरी गाडले गेले आणि त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं छोटं लाकडी चॅपल रस्त्यालगत आहे. पन्नास वळणं आहेत, प्रत्येकावर नंबर. थांबत थांबत या.

आणि हो, कोबारिदचं युद्धसंग्रहालय डोंगरावर जायच्या आदल्या दिवशीच बघा. तिथे क्रनच्या परिसराचं मोठं त्रिमिती मॉडेल आहे, ते नीट पाहिल्यामुळेच दुसऱ्या दिवशी वर उभं राहिल्यावर कोण कुठे होतं ते आम्हाला कळत होतं.

चढाई प्लानिना कुहिन्या नावाच्या कुरणापासून (991 मीटर) सुरू केली. गाडी तिथपर्यंत जाते. सव्वासहाला हेडलॅम्प लावून निघालो. इथून माथ्यापर्यंत साडेबाराशे मीटरची सलग चढण आहे, म्हणजे दमछाक भरपूर पण वाट उत्तम, लाल गोलात पांढरा ठिपका अशी खूण दगडांवर सतत भेटत राहते. सगळा चढ गवताळ उतारावरून नागमोडी जातो, सावली शून्य. कोरड्या हवेत काही वाटत नाही, पण हाच उतार ओला झाला तर फार वाईट, कारण ते गवत लांब, एका दिशेला झोपलेलं आणि खाली थेट शे-दोनशे मीटर काही अडवायला नाही. पाऊस पडून गेला असेल तर सरळ दिवस बदला.

पावणेदहाला माथ्यावर. खाली सोचाची हिरवी-निळी रेघ, कोबारिदची कौलं, ईशान्येला त्रिग्लाव (स्लोव्हेनियातलं सगळ्यात उंच शिखर) आणि दक्षिणेला धुरकट चमकणारी पट्टी म्हणजे एड्रियाटिक समुद्र. समोर दरीपलीकडे मातायुर, उंची 1642 मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढा. 26 ऑक्टोबर 1917 ला तो डोंगर ज्या तुकडीने घेतला तिच्यात रोमेल होता, पुढे दुसऱ्या महायुद्धात नाव झालेला तोच, तेव्हा जर्मन सैन्यातला तरुण अधिकारी. क्रनवर उभं राहून ते बघताना मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. इटलीचे सैनिक या माथ्यावर अडीच वर्षांच्या आसपास टिकून होते, आणि मग 24 ऑक्टोबरला खाली दरीत जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा पाऊस-धुक्याचा फायदा घेऊन घुसल्या आणि वरच्यांच्या पाठीमागची वाटच बंद झाली. इतकी वर्षं जीव देऊन धरलेली उंची खालच्या दरीमुळे गेली. मी बराच वेळ तिथे गप्प बसलो होतो.

माथ्याच्या थोडं खाली एक निवारा आहे, उन्हाळ्यात उघडा असतो, चहा आणि सूप मिळतं, रोख युरो जवळ ठेवा. पण सीझनच्या शेवटी तो बंद असू शकतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर पाणी कमी घेऊ नका. हा सगळा चुनखडीचा डोंगर आहे, पाणी जमिनीत मुरून जातं, वर एकही झरा नाही. माणशी तीन लिटर घेतलं होतं आणि ते बरोब्बर पुरलं.

तिथून खिंडीत उतरून बातोग्नित्सावर चढलो. ही पाऊण तासाची वाट म्हणजे या दिवसाचा गाभा. कातळात खोदलेल्या पायऱ्या अजून शाबूत आहेत, एकीच्या मधोमध बुटांनी झिजून झालेला खळगा आहे, मी त्यात तळवा ठेवून पाहिला, अख्खा मावला. वर सपाट माथ्यावर चर, रचीव दगडी भिंती, आणि इथले लोक ज्यांना कावेर्ना म्हणतात त्या कातळात खणलेल्या गुहा. एका कावेर्नाच्या तोंडाशी सिमेंट ओलं असताना कोणीतरी टोकदार वस्तूने ओढलेल्या रेघा तशाच आहेत. आत चार पावलं गेलो, टॉर्चच्या उजेडात भिंतीवर पहारीचे वण दिसतात, छतातून थेंब पडतात आणि गारवा एकदम अंगावर येतो. याच्या पुढे जाऊ नका, छताचे दगड सुटे आहेत. हेल्मेट असेल तर उत्तम.

माथ्यावर गंजलेलं लोखंड सगळीकडे आहे, डबे, तोफगोळ्यांचे कपचे, पिळाच्या आकाराचे तारेचे खांब, खिळे ठोकलेला बुटाचा तळ. येणाऱ्यांनी काही वस्तू दगडांवर मांडून ठेवल्यात. त्यातलं काहीही उचलून सॅकमध्ये टाकू नका. एक तर तो संरक्षित वारसा आहे, आणि दुसरं म्हणजे या भागात न फुटलेले गोळे आजही सापडतात. गोल, लांबट, गंजलेलं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, काठीने ढोसायचं नाही, जागा लक्षात ठेवून 112 ला फोन करायचा.

आता वाट सोडल्याची गोष्ट.

बातोग्नित्साच्या पलीकडे प्राग नावाच्या खिंडीकडे उतरताना दक्षिणेच्या अंगाला एक जुनी खेचरवाट आडवी जाताना दिसली. रुंद, कडेला रचीव दगडांची भिंत, आणि दिशा बरोबर खालच्या लुझ्नित्सा तळ्याकडे. नकाशावर नव्हती. तिघांनाही वाटलं की ही खुणेच्या वाटेपेक्षा जवळची असणार आणि शिवाय खरीखुरी युद्धातली वाट, तिच्यावरून चालायला मिळतंय तर का सोडा. पहिली तीनशे-चारशे मीटर सुंदर गेली, एका सोंडेला वळसा, मग दुसरीला. मग एका घळीत वाट संपली. म्हणजे पलीकडे तिची भिंत पुन्हा दिसत होती पण मधला सगळा भाग वाहून गेलेला, नुसता घसारा.

तो पार करण्यात आमची चूक झाली. मित्र आधी गेला, नीट गेला. भावाच्या पायाखालचा घसारा सुटला आणि तो सहा-सात मीटर बसल्या बसल्या खाली गेला आणि गवतात दडलेल्या काटेरी तारेत अडकून थांबला. तारेने थांबवलं हे नशीब, पण नडगीवर चांगली वीतभर जखम. जखम धुतली, पट्टी बांधली आणि घळीच्या अलीकडेच परत फिरलो, मित्रालाही दगड चुकवत परत यावं लागलं, त्यात तासभर गेला. संध्याकाळी खाली दवाखान्यात जाऊन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. तिथल्या नर्सताईंनी तार म्हटल्यावर लगेच ओळखलं, वरची ना, म्हणाल्या. धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधी घरीच घेऊन जा, आणि फुलपँट घाला, हाफपँट अजिबात नको.

रात्री नकाशा उलगडून बसल्यावर मला जे कळलं ते इथे जाणाऱ्या प्रत्येकाने डोक्यात ठेवावं असं मनापासून वाटतं. सह्याद्रीत आपण ढोरवाटेच्या भरवशावर उतरतो, कारण ढोरवाट शेवटी पाण्याला नाहीतर गावाला जातेच. युद्धातली वाट तशी नसते. ती शत्रूच्या नजरेआड राहायला काढलेली असते, म्हणून सोपी बाजू सोडून आडोशाच्या अवघड बाजूने जाते, आणि ती मोर्च्यापर्यंत, तोफेपर्यंत किंवा एखाद्या कावेर्नापर्यंत जाऊन संपते. आणि शंभर वर्षं डागडुजी नसल्यावर मधे कुठे तुटली असेल ते वरून दिसत नाही. त्यामुळे बघायची असेल तर जरूर बघा, पण जिथे भिंत तुटली तिथून माघारी, आणि उतरायला खुणेचीच वाट.

खुणेच्या वाटेने मग प्रागहून लुझ्नित्सा तळ्यावर उतरलो, 1801 मीटरवरचं छोटंसं तळं, काठावर युद्धातल्या इमारतींचे पाये. पाण्यात उतरू नका, साबण वगैरे तर नाहीच. तिथून कुरणांमधून कुहिन्याला परत यायला भावाच्या लंगडत्या चालीने साडेतीन तास लागले, एरवी बरेच कमी लागतील. संपूर्ण फेरी थांबे धरून दहा तासांची धरा. खाली पोचल्यावर कुरणावरचं तोल्मिन्स चीज आणि ब्रेड, त्या दिवशी त्याहून चांगलं काही खाल्लं नाही.

बाकी बारीकसारीक: जूनपर्यंत वरच्या घळींत बर्फ असू शकतो, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा होतात आणि धारेवर आडोसा नाही, म्हणून सप्टेंबर मला सगळ्यात बरा वाटला. 1:25000 चा कागदी नकाशा घ्याच. गवतात पाय टाकताना आणि दगडावर हात ठेवताना बघा, शिंगवाला विषारी साप इथे असतो. त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तंबू ठोकायला आणि ड्रोन उडवायला बंदी आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डोंगरातली सुटका धरलीये का ते वाचून घ्या.

शेवटच्या दिवशी भावाला चालवत नव्हतं म्हणून तोल्मिन गावाच्या वर यावोर्त्साच्या लाकडी चर्चला गेलो. 1916 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांनी आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी ते बांधलं. रस्ता अरुंद आहे, शेवटचा टप्पा पायी. आत भिंतीलगत दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या लावल्यात आणि त्यांवर 2564 नावं तापल्या लोखंडाने डागून लिहिलेली आहेत. पानं उलटून वाचता येतात. स्लोव्हेनियन, हंगेरियन, बोस्नियन, चेक, सगळ्या तऱ्हेची नावं एकाखाली एक. भाऊ पाय लांब करून बाकावर बसला होता आणि मी एकेक नाव त्याला मोठ्याने वाचून दाखवत होतो, उच्चार येतील तसे, चर्च बंद करायची वेळ होईपर्यंत.